वर केलेले हात

बस पारोळा सोडून पुढे निघाली तरी सारिका भोळेच्या बोटांना भाजलेल्या वांग्याचा वास येत होता. आदल्या संध्याकाळी असोद्याला घरी पाहुणे होते. आईने कपाशीच्या काड्यांवर वांगी भाजली आणि सोलायला सारिका बसली. नंतर साबणाने हात धुतले, पण वास गेला नाही. तिने बोटं पुन्हा नाकाशी नेली. मांडीवरची फाइल उघडली, न वाचता बंद केली, पिशवीत ठेवली, परत काढली.

शेजारच्या बाईने शेवटी विचारलंच. "काही विसरलं का, ताई?"

"नाही."

"मग बसा ना जरा सुखाने. माझंही बाक हलतं."

धुळ्यातल्या एका शाळेत इंग्रजीच्या शिक्षकाची एक जागा होती. भरतीच्या पोर्टलवरून त्या जागेसाठी तीन नावं आली होती आणि त्यातलं एक सारिकाचं होतं. आधी वर्गावर पाठ घ्यायचा, मग मुलाखत. नऊ वर्षं ती जळगावच्या एका खासगी क्लासमध्ये स्पर्धा परीक्षांचं इंग्रजी शिकवत होती. दिवाळीनंतर क्लासच्या मालकाने रेकॉर्ड केलेले तास पडद्यावर लावायला सुरुवात केली. ते तास सारिकाचेच होते. तिच्याच आवाजाने तिची एकेक बॅच काढून घेतली. उरलेली शेवटची मार्चमध्ये संपणार होती, आणि पुढच्या भरतीत वयाची अट आडवी येणार होती.

निघताना आई, धुरपदाबाई, दारात उभी राहून म्हणाली होती, "लागली त लागली. नायी लागली त वावर कुठी जातं?"

आईने ते धीर द्यायला म्हटलं होतं. सारिकाला ते वाक्य बसमध्ये टोचत राहिलं. शेत कुठेच जात नव्हतं, हेच तर.

शाळा पांझरा नदीच्या पलीकडे होती. मुख्याध्यापिका कोकिळा मॅडमनी डब्याच्या झाकणात पाठाच्या विषयांच्या चिठ्ठ्या ठेवल्या होत्या. तिसरा उमेदवार आलाच नव्हता, त्याचं दुसरीकडे जमलं होतं. दुसरा तिथेच होता. योगराज देवरे, याच शाळेत सहा वर्षं तासिका तत्त्वावर शिकवणारा, म्हणजे जेवढे तास तेवढाच पगार आणि सुटीत काहीच नाही. पाठ ज्या नववी ब वर व्हायचे होते तो वर्गही त्याचाच.

सारिकाने चिठ्ठी उघडली. विशेषण म्हणून येणारे पार्टिसिपल, म्हणजे क्रियापदापासून झालेले शब्द.

क्लासमध्ये हा विषय तिचा हातखंडा होता. 'शेपटी बघा', असं ती पोरांना शिकवायची. शब्दाच्या शेवटी आयएनजी किंवा ईडी दिसलं आणि पुढे नाम आलं, की पार्टिसिपल, विशेषणावर टिक करा, पुढच्या प्रश्नाला जा. त्या तासाचा व्हिडिओ मोबाइलवर सगळ्यांत जास्त पाहिला गेला होता.

"सोपं आलं तुम्हाला," योगराजने चहाचा कप पुढे केला. "मला कर्मणी प्रयोग आला. बघू."

"वर्ग कसा आहे, सर?"

"चांगला आहे." त्याने आपला कप उचलला. "तुम्ही प्रश्न विचारा. हात वर येतील."

त्याचा पाठ आधी झाला. उमेदवारांनी एकमेकांचे पाठ पाहायचे नव्हते, म्हणून सारिका शेजारच्या खोलीत बसली होती. मधली भिंत पत्र्याची होती. योगराज विचारायचा, नाव घ्यायचा, पोरगं उठायचं आणि बरोबर उत्तर द्यायचं. दुसरं उठायचं, तेही बरोबर. एकही चुकत नव्हतं. सारिका खुर्चीतून उठली, खिडकीशी गेली, परत बसली. असा वर्ग तिने कधी पाहिला नव्हता. क्लासमध्ये हात वर करायची पद्धतच नव्हती. तिथे पोरं पर्यायांवर खुणा करायची आणि मशीन सांगायचं कोणाला काय येतं.

तिची पाळी आली. वर्गाच्या मागे भिंतीशी तिघे बसले होते. संस्थेचे अध्यक्ष मोतीलाल नाना, कोकिळा मॅडम, आणि विषयतज्ज्ञ म्हणून चाळीसगावहून बोलावलेले निवृत्त शिक्षण विस्तार अधिकारी अभिमन सर. अभिमन सरांनी मफलर काढला नव्हता. जानेवारीचा गारठा वर्गात तसाच होता.

सारिकाने फळ्यावर दोन ओळी लिहिल्या. द वॉटर इज बॉइलिंग. बॉइलिंग वॉटर. मग विचारलं, "दोन्हीकडे शब्द तोच आहे. काम तेच करतो का?"

सगळा वर्ग हात वर करून बसला. एकही हात खाली नव्हता.

तिने मागच्या बाकावरच्या एका मुलीकडे बोट केलं. मुलगी उठली, वेणीचं टोक बोटाला गुंडाळू लागली, बोलली नाही.

"नाव काय तुझं?"

"मयुरी."

"सांग ना, मयुरी. हात तर केला होता."

मयुरीने एकदा सारिकाकडे आणि एकदा शेजारणीकडे पाहिलं. सारिकाने तिला बसवलं. खिडकीजवळच्या एका मुलाला उठवलं. तोही गप्प. मागे पेनाचा आवाज झाला. मोतीलाल नाना काहीतरी लिहीत होते.

तिने पुन्हा विचारलं. पुन्हा सगळे हात वर. तेवढ्यात पहिल्या बाकावरची मुलगी खालच्या आवाजात म्हणाली, "मॅडम, तिना डावा हात शे."

"काय?"

"डावा. डाव्याले इचारतस नहीत."

सारिकाने वर्गाकडे पाहिलं. आणि मग तिला ते दिसलं. सगळे हात वर होते, पण सगळे सारखे नव्हते. पुढच्या दोन बाकांवर आणि मध्ये कुठे कुठे उजवे. बाकी सगळे डावे. ज्याला येतं त्याने उजवा करायचा, ज्याला येत नाही त्याने डावा. बाहेरून कोणी तपासायला आलं की वर्ग पूर्ण भरलेला दिसतो आणि शिक्षकाला बरोबर कळतं कोणाला उठवायचं.

योगराजने ते सांगितलं नव्हतं. पण खोटंही तो बोलला नव्हता. हात वर आले होते.

सारिकाने पुढचा प्रश्न विचारला आणि एका उजव्या हाताला उठवलं. उत्तर बरोबर आलं. दुसरा उजवा, तोही बरोबर. ब्रोकन चेअर, तुटलेली खुर्ची, विशेषण. सिंगिंग गर्ल, गाणारी मुलगी, विशेषण. मोतीलाल नाना मागे टेकून बसले. कोकिळा मॅडमच्या चेहऱ्यावर हसू आलं. पाठ रुळावर आला होता. नोकरी या बाजूला होती, हे सारिकाला स्पष्ट दिसत होतं. फक्त उजव्या बाजूला बोट करत राहायचं.

पण तिचे पाय एका जागी थांबत नव्हते. ती फळ्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत जात होती आणि प्रत्येक खेपेला मयुरीचा डावा हात दिसत होता. ती मुलगी प्रत्येक प्रश्नाला तो न चुकता वर करत होती. मनगटात काळा दोरा होता. हात दुखायला लागला की ती दुसऱ्या हाताचा टेकू देत होती.

"आता तुमच्या मनाचं उदाहरण द्या," सारिका म्हणाली आणि पहिल्या बाकावरच्या मुलाला उठवलं. उजवा हात, ताठ.

"रेड चिली, मॅडम. रेडच्या शेवटी ईडी, पुढे नाम. पार्टिसिपल."

मोतीलाल नानांनी मान डोलावली. अभिमन सरांनी डोलावली नाही. सारिका खडू हातात धरून उभी राहिली. मुलाने नियम बरोबर सांगितला होता. तिचाच नियम होता, शब्दाला शब्द. कदाचित तिच्याच व्हिडिओतून आला होता. लाल मिरचीला कोणी लाल केलेलं नसतं, ती लाल असते, एवढं त्या मुलाला घरी विचारलं असतं तर त्याने सांगितलं असतं. शेपटी बघायला शिकवल्यामुळे त्याने मिरचीकडे पाहिलंच नव्हतं.

"सगळ्यांनी हात खाली," ती म्हणाली.

हात खाली गेले. वर्ग एकदम रिकामा वाटला.

"शेपटी सोडा. तो नियम मीही शिकवते, पण तो अर्धाच आहे. आधी वस्तू बघा आणि विचारा, कसली? मयुरी, काल घरी काय केलं होतं जेवायला?"

मयुरी उठली. "भरीत."

"कशाचं?"

पोरं हसली. हिवाळ्यात खान्देशात हा प्रश्न कोणी विचारत नाही. "वांगानं," मयुरी म्हणाली.

"वांगं कच्चं होतं?"

"नहीं. भाजेल."

"वाफळेल!" मागून एक मुलगा ओरडला. "यांच्याकडे गॅसवर करतस मॅडम, चव नहीं."

"तुमच्याकडे तर करतसच नहीं," मयुरी वळून म्हणाली.

सारिकाने हसू दाबलं. "भाजलेलं वांगं. वांगं कसलं? भाजलेलं. भाजण्याचं काम होऊन गेलं, आता तो शब्द वांग्याचं वर्णन करतो. इंग्रजीत रोस्ट म्हणजे भाजणं. मग भाजलेलं वांगं?"

मयुरीने फळ्याकडे पाहिलं. बराच वेळ गेला. अभिमन सरांनी घड्याळ पाहिलं. मोतीलाल नानांनी अभिमन सरांकडे पाहिलं. सारिकाच्या मनात आलं, पहिल्या बाकाला विचारावं, एका शब्दात सुटेल. तिने खडू या हातातून त्या हातात घेतला आणि विचारलं नाही.

"रोस्टेड," मयुरी म्हणाली. "रोस्टेड ब्रिंजल."

"आणि चुलीवर आत्ता भाजत असलेलं?"

"रोस्टिंग?"

"कसं कळलं?"

"ते अजून व्हई राह्यनं ना."

मग सारिकाने ब्रोकन आणि टॉर्न फळ्यावर लिहिले, ज्यांना ईडी नाही. दोन डाव्या हातांना विचारलं, एकाला आलं, एकाला आलं नाही. त्याला ती समजावत असतानाच तास संपल्याची घंटा झाली. तिच्या टाचणातली निम्मी उदाहरणं राहून गेली. स्वाध्याय दिलाच नाही.

मुलाखत कार्यालयात झाली. आधी योगराज जाऊन आला होता आणि बाहेर बाकावर बसला होता.

मोतीलाल नाना स्पष्ट माणूस होते. "मॅडम, योगराज सरांच्या तासाला बठ्ठी पोरं बोलली, एकही चुकलं नाही. तुमच्या तासाला सुरुवातीलाच दोघं गप्प, शेवटीही एक गप्प. मधे तेवढं चांगलं झालं. असं का?"

"शेवटी मी ज्यांना येत नव्हतं त्यांना विचारत होते."

"पाठाच्या दिवशी?"

"ज्यांना येतं त्यांना मी काय शिकवणार होते, नाना?"

"तुम्हाला नोकरी पाहिजे ना?" नाना खरंच कुतूहलाने विचारत होते.

अभिमन सरांनी मफलर नीट केला. "उजव्या-डाव्याची खूण तुम्हाला कळली होती का?"

कोकिळा मॅडम टेबलावरचा पेपरवेट फिरवायच्या थांबल्या. नानांनी विचारलं, "कसली खूण?"

दार अर्धं उघडं होतं. बाहेरच्या बाकावरचा योगराजचा गुडघा सारिकाला दिसत होता. तो गुडघा हलत होता, थांबला. नाही म्हटलं तर विषय तिथेच संपला असता. हो म्हटलं तर बाहेरच्या माणसाची सहा वर्षं या टेबलावर येणार होती. आणि त्याच टेबलावर तिचीही जागा होती, म्हणून हो म्हणणं चांगलं दिसत नव्हतं.

"कळली होती," ती म्हणाली. "उशिरा कळली."

"मग वापरली नाही?"

"वापरली. कळल्यावर काही प्रश्न उजव्यांनाच विचारले. मधे चांगलं झालं असं नाना म्हणाले ते तेच."

"मग सोडली का?"

सारिकाने बोटं एकमेकांत अडकवली. "उजव्यांनाही येत नव्हतं, सर. त्यांना फक्त मी शिकवते तशी युक्ती येत होती."

अभिमन सर एवढंच म्हणाले, "मी आयुष्यभर शाळा तपासल्या. ही खूण प्रत्येक तालुक्यात आहे." मग त्यांनी नानांना ती समजावून सांगितली. नाना ऐकत राहिले आणि शेवटी कोकिळा मॅडमना म्हणाले, "म्हणजे दर वर्षी मी टाळ्या वाजवल्या त्या?" मॅडमनी पेपरवेट पुन्हा फिरवायला घेतला.

योगराजने तिला मोटरसायकलवरून बसस्टँडपर्यंत सोडलं. तसं आधीच ठरलं होतं आणि दोघांनीही ते मोडलं नाही. पुलावर त्याने गाडी हळू केली.

"ती खूण मी नाही सुरू केली, ताई. मी आलो तेव्हा होतीच. वर्गात जायच्या आधी मला सांगितली गेली."

"मला वाटलंच."

"तुम्ही सांगितलं त्यांना?"

"अभिमन सरांना माहीत होतं. तुमच्या तासातच त्यांनी पाहिलं असणार. मला विचारलं, मी नाही म्हटलं नाही."

गाडी पूल ओलांडून गेली. बसस्टँडसमोर उतरताना तो म्हणाला, "आत विचारल्यावर डावा हात वर करता आला असता तुम्हाला."

"आला असता."

"मी तर तेच केलं असतं," तो म्हणाला, आणि त्याचा आवाज रागाचा नव्हता, म्हणून सारिकाला जास्त लागलं. "जळगावची गाडी तिकडे लागते. त्या टोकाला."

महिनाअखेरीस नेमणुकीचं पत्र असोद्याला आलं. आईने ते देवाजवळ ठेवलं आणि गल्लीत सगळ्यांना सांगून आली. सारिकाने योगराजला फोन केला. त्याने उचलला नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. पुढे कोकिळा मॅडमकडून कळलं, तो दोंडाईच्याला एका क्लासमध्ये लागला होता.

नववी ब सारिकाला मिळाली. पहिल्या दिवशी तिने प्रश्न विचारला आणि सगळे हात वर गेले, उजवे आणि डावे.

"ही खूण बंद," ती म्हणाली. "येत असेल तर हात करायचा. येत नसेल तर नाही करायचा."

दुसऱ्या दिवशी तिने प्रश्न विचारला तेव्हा एकही हात वर आला नाही. पहिल्या बाकाचाही नाही. चूक निघाली तर लपायला आता डावे हात नव्हते. हे आठवडाभर चाललं, मग दुसरा आठवडा. ती विचारायची, वर्ग वहीत बघायचा. ती रोज धुळ्यातल्या भाड्याच्या खोलीवर परत जायची आणि चहा करून तो प्यायचा विसरायची. योगराजच्या वर्गात निदान हात तरी होते, असं तिच्या मनात यायचं.

मार्चच्या सुरुवातीला तपासणी ठरली. सारिकाच्या नेमणुकीची मान्यता अजून शिक्षण कार्यालयात होती आणि त्याच कार्यालयातले अधिकारी येणार होते.

"एका तासाचा प्रश्न आहे," कोकिळा मॅडम तिला व्हरांड्यात गाठून म्हणाल्या. "हात दिसले पाहिजेत. पोरांना जुनी खूण पाठ आहे, मी फक्त सांगून ठेवते. तुम्ही काही करू नका."

"नको, मॅडम."

"तुमच्यासाठीच म्हणते मी. मान्यता अडली तर कोण निस्तरणार?"

सारिका वर्गाकडे निघाली. मॅडमनी पोरांना सांगितलं की नाही, हे तिला तपासणीच्या दिवसापर्यंत कळलं नाही. तिनेही पोरांना विचारलं नाही.

अधिकारी दाराजवळच्या खुर्चीत बसले. त्यांच्या मागे मॅडम उभ्या राहिल्या. सारिकाने फळ्यावर लिहिलं, फॉलिंग लीव्हज, आणि खाली, फॉलन लीव्हज. खडू तुटला. तिने दुसरा घेतला.

"हे दोन शब्द पानांबद्दल काय सांगतात?"

एकही हात वर आला नाही. बाहेर कडुनिंबाखाली कोणीतरी सायकल उभी केली. अधिकाऱ्यांनी पेनाचं टोपण काढलं. मॅडमनी त्यांच्या डोक्यावरून वर्गाकडे पाहत हाताची बोटं किंचित उचलली.

मागच्या बाकावरून एक हात वर गेला. डावा. मनगटात काळा दोरा.

फक्त तोच एक. म्हणजे मॅडमनी सांगितलं असलं तरी वर्गाने ते ऐकलं नव्हतं, किंवा एकट्या मयुरीने ऐकलं होतं. सारिकाला ठरवता येईना. जुन्या खुणेने पाहिलं तर हा हात टाळायचा होता.

"बोल, मयुरी."

मयुरी उठली. वेणीला हात गेला नाही. "मॅडम, माले समजनं नहीं. दोन्ही पानंच शेतस. दोन्ही पडेलच. मंग फरक काय?"

अधिकाऱ्यांनी मान वर केली. मॅडम जमिनीकडे बघू लागल्या. सारिका खिडकीशी गेली आणि तिने मयुरीला हाताने बोलावलं. कडुनिंबाची पानं गळत होती. खाली पिवळा थर साचला होता आणि वरून एखाददुसरं फिरत येत होतं.

"ते बघ. खालचं आणि ते येतंय ते."

मयुरी गजाला नाक लावून बराच वेळ बघत राहिली. "खालचं पडी गयं," ती म्हणाली. "ते वरलं अजून पडी राह्यनं. ते फॉलिंग." मग वळून वर्गाला म्हणाली, "खालचं फॉलन."

पुढच्या बाकावर कुजबूज झाली. खिडकीजवळच्या मुलाने, त्या दिवशी गप्प राहिलेल्या, डावा हात वर केला. त्याच्या मागून आणखी एक डावा वर गेला. मग पहिल्या बाकावरच्या, रेड चिलीवाल्या मुलाने उजवा हात अर्धा उचलला, खाली घेतला, आणि डावा वर केला.

सारिकाने अधिकाऱ्यांकडे पाहिलं नाही.

"विचार," ती त्या मुलाला म्हणाली.